जनरल रजिस्टर क्रमांक 1

रजिस्टर आधी टेबलावर सपाट ठेवायचं. पुठ्ठा डाव्या हातावर तोलून धरायचा आणि पान उलटताना कोपरा चिमटीत धरायचा नाही. कडेखालून अख्खा तळहात आत सरकवायचा. उल्हासनगरच्या त्या शाळेच्या कचेरीत पहिल्या दिवशी क्लार्कबाईंनी मला एवढंच शिकवलं. पुढचे तीन आठवडे मी तेच करत होतो.

शाळा मुलांची. इमारत एकच, पण सकाळी मुलींची शाळा भरते आणि दुपारी मुलांची. दोन्हींचं दप्तर वेगळं. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मुलांच्या शाळेचा इतिहास लिहून द्यायचं मी कबूल केलं होतं. शाळेचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते लोकांच्या घरातलं आहे. सुरुवातीला माझ्या हाती आलं ते संस्थापकांच्या तसबिरीखालचं चरित्र, मुख्याध्यापकांची नामावली आणि दहावीच्या निकालांची टक्केवारी. तेवढ्यावर चार पानं झाली असती. पण त्यात एकही मुलगा नव्हता. तसं म्हणालो, तेव्हा बाईंनी कपाटाच्या तळातून कापडी बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि म्हणाल्या, “मुलं यात आहेत, सर.”

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा सातबारा. प्रत्येक मुलाला एक नंबर आणि उघड्या दोन पानांवर मिळून एक ओळ. नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता; मग उजव्या पानावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. डावीकडून मुलगा आत येतो आणि उजवीकडून बाहेर पडतो. दाखला या ओळीवरूनच लिहायचा आणि ओळीत नसलेला एक शब्दही त्यात घालायचा नाही.

पहिल्या पानांवर पत्ता आहे ‘कल्याण कॅम्प’. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित ठेवले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. रजिस्टरात हा बदल काही पानांनंतर दिसतो: त्याच हस्ताक्षरात, त्याच शाईत, पत्ता बदलतो. बोलण्यात मात्र आजही ‘कॅम्प नंबर चार’ असंच आहे.

ही सुरुवातीची पानं सिंधीत आहेत, अरबी वळणाच्या लिपीत. ती वाचायला रोज अकरा वाजता एक निवृत्त सिंधी शिक्षक यायचे. त्या लिपीत बावन्न अक्षरं, पण ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे नाव आधी ठाऊक असेल तरच चटकन वाचता येतं. सर ओळीवर बोट ठेवून आधी पुटपुटायचे, मग मोठ्याने उच्चारायचे आणि मी देवनागरीत उतरवायचो. या नावांची सूची आडनावावरून करावी, असं माझ्या मनात होतं. सरांनी थांबवलं. अर्धं गाव ‘आनी’वर संपतं, म्हणाले, मुलाच्या नावावरून करा. 10 एप्रिल 1967 ला सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण या रजिस्टरात त्याआधीच इंग्रजी आली होती. त्याच्याही पुढे मराठी.

जन्मस्थळाच्या रकान्यात शिकारपूर, लारकाना, सख्खर, रोहडी, नवाबशाह. सर प्रत्येक नावाला क्षणभर थांबायचे. मी घाई करत नव्हतो. ‘आधीची शाळा’ या रकान्यात कितीतरी ओळींत नुसती आडवी रेघ आहे, आणि शेऱ्यात ‘पालकाच्या सांगण्यावरून’. दाखला आणायला मागे शाळाच उरली नव्हती. चौदा वर्षांची मुलं पाचवीत बसलेली दिसतात. काहींच्या आधीच्या इयत्तेपुढे ‘इंग्रजी पहिली’ आहे. मराठी मुलखातही हीच मोजणी होती: चार इयत्ता देशी भाषेत, मग इंग्रजी पहिलीपासून नवा आकडा. म्हणूनच 1880 साली पुण्यात चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी काढलेल्या शाळेचं नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’, आणि त्यानंतर गावोगावी तेच.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘शाळा सोडण्याचं कारण’ या रकान्यात घालवला. ‘कामाला लागला.’ ‘वडील वारले.’ ‘सतत गैरहजर.’ ‘दुकान.’ साठीच्या दशकात मराठी मुलं वाढतात. प्रवेश अर्जांवर वडिलांचा धंदा येतो: अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, शहाडची सेंच्युरी रेयॉन. बदलापूरहून लोकलने येणारी मुलं दिसू लागतात. पुढे ‘अकरावी उत्तीर्ण’ हा शेरा संपतो आणि 1975 पासून ‘दहावी उत्तीर्ण’ सुरू होतो. आईच्या नावाचा रकाना मात्र या जुन्या रजिस्टरांत कुठेच नाही. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव वडिलांच्या आधी आणलं, हे मी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, “म्हणजे पहिलीच्या रजिस्टरात ते दिसायला अजून थोडी वर्षं आहेत.”

असं रजिस्टर दुसरीकडे छापलंही गेलं आहे. मँचेस्टर ग्रामर स्कूल ही इंग्लंडातली 1515 ची मुलांची शाळा. तिचं 1730 पासूनचं प्रवेश रजिस्टर एकोणिसाव्या शतकात छापून निघालं. चेटम सोसायटी या तिथल्या इतिहास मंडळाने 1866 ते 1874 या काळात त्याचे खंड काढले. मुलगा कुणाचा, बाप काय करतो, पुढे मुलाचं काय झालं, हे जेरेमाया फिंच स्मिथ नावाच्या पाद्र्याने ओळीओळीखाली टिपा देऊन लिहिलं. आपल्याकडे असं एक तरी रजिस्टर टिपांसह छापलं जावं, असं मला फार मनापासून वाटतं, आणि ते उल्हासनगरचं असावं.

पण आधी ते टिकायला हवं. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी इकडे उल्हास आणि वालधुनी या नद्या घराघरांत शिरल्या. शाळेतलं खालचं कपाट पाण्यात होतं. बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्यांनी आणि शिपाईकाकांनी रजिस्टरं पंख्याखाली उभी करून, पानांत वर्तमानपत्रं घालून, ती दर दोन तासांनी बदलून वाळवली. ओली पानं ओढून सोडवायची नाहीत, हे त्या तेव्हाच शिकल्या. पन्नाशीच्या दशकातली अक्षरं जशीच्या तशी राहिली, कारण तो जुना क्लार्क ब्ल्यू-ब्लॅक शाईशिवाय काही वापरत नसे. तिच्यात लोहाचा अंश असतो, ती कागदात मुरते. नंतर कुणीतरी स्वस्तातली रॉयल ब्ल्यू आणली. ती पानं आता फिकट निळी आहेत, नुसती. त्या मुलांचे दाखले हजेरीपटांवरून जुळवावे लागतात. बाई आजही ब्ल्यू-ब्लॅकच भरतात.

सूची करता करता मी एक दिवस बदलापूर गावातल्या जिल्हा परिषदेच्या एका जुन्या शाळेतही गेलो. तिथे रांग होती. जात पडताळणीला ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि अनेक घरांत तो आजोबांच्या शाळेच्या नोंदीखेरीज कुठेच नसतो. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा अशी रजिस्टरं पुन्हा कपाटाबाहेर आली. सहावीत शाळा सोडलेल्या कुणा मुलाची ती एक ओळ आता नातवाच्या प्रवेशासाठी उपयोगी पडते. रांगेतल्या एका आजींना पान दाखवलं, तर त्यांनी आधी पदराने हात पुसले.

उल्हासनगरला शेवटच्या आठवड्यात ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ मुलीबरोबर आले. दाखला हरवला होता. प्रतिज्ञापत्र सोबत होतं. नंबर आठवत नव्हता, पण आमची सूची तयार होती. दोन मिनिटांत ओळ सापडली. सरांनी ती वाचली, बाईंनी छापील नमुन्यावर लाल शाईने वर ‘दुय्यम प्रत’ लिहिलं आणि रकाने भरायला घेतले. नव्या नमुन्यात जन्मस्थळाला गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश असे पाच भाग आहेत. रजिस्टरात होतं एवढंच: शिकारपूर, सिंध.

बाईंनी गावासमोर शिकारपूर लिहिलं. तालुका आणि जिल्ह्यापुढे रेघ मारली. राज्यापुढे सिंध. देशापुढे पेन थांबलं.

“जे लिहिलेलं नाही ते मला लिहिता येत नाही, दादा,” त्या म्हणाल्या.

“हां, बाई. रेघच मारा,” ते म्हणाले, आणि सही-शिक्का होईपर्यंत रजिस्टरातल्या आपल्या ओळीकडे बघत राहिले.