वडगावची यात्रा, करिंथची पंगत

आषाढात वडगावला मंगाईदेवीची यात्रा भरते. कोंबड्या-बकऱ्यांचा मान होतो, घरोघरी पाहुण्यांची पंगत बसते. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने तिथे जेवावे का?

हा प्रश्न जुनाच आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहरात देवळात बळी दिलेले मांस बाजारातही येई. इ.स. 55च्या सुमारास ख्रिस्ती प्रेषित पौलाने तिथल्या ख्रिस्ती मंडळीला कळवले: बाजारातले मांस खुशाल खा, आमंत्रण आले तर वाढलेले खा, पण ‘हे नैवेद्याचे आहे’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी हात आखडता घ्या. देवळातल्या देवापुढच्या पंगतीला मात्र त्याची मनाई होती. कारण एका भाकरीतून खाणारे एक शरीर होतात, अशी त्याची श्रद्धा होती. मला यातली दुसऱ्याच्या मनाची काळजी फार मोलाची वाटते. जिज्ञासूंनी करिंथकरांस पहिल्या पत्राचे 8 ते 10 हे अध्याय जरूर वाचावेत.