शरीराची आठवण कोठें राहते?

एकदां गोवर येऊन गेला म्हणजे तो सहसा पुन्हां येत नाहीं, हें घरांतील वडील माणसें सांगत आलीं आहेत. ह्या अनुभवाची उत्तम साक्ष १८४६ सालीं उत्तर अटलांटिक महासागरांतील फॅरो बेटांवर मिळाली. त्या वर्षीं तेथील सुमारें ७,८०० रहिवाशांपैकीं सुमारें ६,००० लोकांस गोवर झाला. डेन्मार्क सरकारनें तेथें पाठविलेल्या पेटर पानुम ह्या तरुण डॉक्टरास एक नवल आढळलें. पूर्वीची साथ १७८१ सालीं आली होती; तींत ज्यांना गोवर झाला होता, अशा वृद्धांपैकीं एकालाही तो ६५ वर्षांनंतर पुन्हां झाला नाहीं. इतका दीर्घ काळ शरीरानें ही आठवण कोठें जतन केली असेल?

रोगजंतूंना नेमकीं चिकटून त्यांना निकामी करणारीं प्रतिद्रव्यें आपल्या रक्तांत असतात. परंतु त्यांतील मुख्य प्रकारचीं निम्मीं प्रतिद्रव्यें सुमारें तीन आठवड्यांतच नाहींशीं होतात. तेव्हां रक्षण वर्षानुवर्षें टिकावयाचें, तर तीं सतत घडविणारा कारागीर शरीरांत जिवंत असलाच पाहिजे.

तो कारागीर म्हणजे प्लाझ्मा पेशी. प्रतिद्रव्यें हीच पेशी तयार करते, हें स्वीडनमधील अस्ट्रिड फाग्रेउस ह्या विदुषीनें १९४८ सालीं दाखविलें. पुढें बराच काळ अशी समजूत होती कीं, ह्या पेशी थोड्याच दिवसांत मरतात. १९९७ व १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांनीं ती समजूत दूर केली. हाडांच्या पोकळींतील मऊ गरांत, म्हणजे अस्थिमज्जेंत, कांहीं प्लाझ्मा पेशी विभागल्यावांचून दीर्घकाळ जगतात असें दिसून आलें.

आजारांत सुजणाऱ्या मानेंतील व कांखेंतील लसिकाग्रंथींत, तसेंच प्लीहेंत, ह्या पेशी जन्मतात. तेथून कांहीं पेशी रक्तावाटे मज्जेंत येतात. मज्जेंतील आधारपेशी विशिष्ट द्रव्य सोडून त्यांना जणूं बोलावून घेतात. शेजारच्या पेशी त्यांना 'एप्रिल' नांवाचें प्रथिन पुरवितात. त्याच्या योगानें प्लाझ्मा पेशींतील आत्मनाशाची क्रिया रोखली जाते. हा आश्रय सुटला कीं पेशी लवकरच मरते. म्हणजे तिचें दीर्घायुष्य केवळ तिच्या बळावर नव्हे, तर शेजाऱ्यांच्या साहाय्यावर अवलंबून आहे. परमेश्वराच्या ह्या रचनेंत आम्हांस मोठा बोध दिसतो.

मात्र सर्वच रोगांची आठवण सारखी टिकत नाहीं. धनुर्वाताविरुद्धचीं प्रतिद्रव्यें हळूहळू घटतात. म्हणून आपल्या देशांत १० व्या व १६ व्या वर्षीं धनुर्वात व घटसर्प ह्यांची लस पुन्हां टोंचतात.

कोणी विचारील कीं, गोवर येऊन गेल्यानें जन्माचें रक्षण होत असेल, तर लस कशाला? ह्याचें उत्तर २०१९ सालीं मिळालें. नेदर्लंड्समधील लस न टोंचलेल्या मुलांचें रक्त गोवरापूर्वीं व गोवरानंतर तपासतां असें आढळलें कीं, इतर रोगांविरुद्ध त्यांनीं पूर्वीं मिळविलेल्या प्रतिद्रव्यांपैकीं ११ ते ७३ टक्के नष्ट झालीं होतीं. म्हणजे गोवर स्वतःची आठवण ठेवतो, पण दुसऱ्यांची पुसून टाकतो! लशीनें असा नाश होत नाहीं. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं मुलांना सर्व लशी वेळच्या वेळीं टोंचवून घ्याव्या. आणि विद्यार्थ्यांनींही सुईला भिऊन मागें सरूं नये.