गिटची डिफॉल्ट ब्रँच ‘मेन’ झालेली नाही

गैरसमज : २०२० पासून गिटची डिफॉल्ट ब्रँच ‘मेन’ आहे.

हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं गेलंय की अनेक प्रोजेक्टांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘मास्टर’ शोधून सरसकट ‘मेन’ टाकलं गेलं आणि काम संपलं असं मानलं गेलं. ते संपलेलं नाही.

वस्तुस्थिती : बदल केला तो गिटहबने. १ ऑक्टोबर २०२० पासून तिथे तयार होणाऱ्या नव्या रिपॉझिटरीची डिफॉल्ट ब्रँच ‘मेन’ झाली. २०२१मध्ये गिटलॅबनेही तेच केलं. गिट हा मात्र आपल्या मशीनवर चालणारा स्वतंत्र प्रोग्राम आहे. जुलै २०२०मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीने नाव बदललं नाही, ते निवडायची सोय दिली. या सेटिंगचं नाव ‘इनिट डॉट डिफॉल्टब्रँच’. ते कुठेच दिलेलं नसेल, तर दोनच्या मालिकेतलं गिट ‘मास्टर’च तयार करतं. ‘मेन’ हे नाव ३.० आवृत्तीत आणायचं, असं गिट प्रकल्पाने स्वतःच्या ‘ब्रेकिंग चेंजेस’ या दस्तऐवजात लिहून ठेवलं आहे.

याचा फटका नवशिक्याला बसतो. तो ‘गिट इनिट’ करतो, फाइल जोडतो, पहिला कमिट करतो. मग गाइडमध्ये लिहिलंय तसं ‘गिट पुश ओरिजिन मेन’ देतो, आणि समोर येतं : ‘एसआरसी रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी’. तो पासवर्ड तपासतो, नेट तपासतो, सगळं पुसून पुन्हा सुरुवात करतो. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. त्याच्या मशीनवरची ब्रँच ‘मास्टर’ आहे, आणि गाइड नसलेली ब्रँच पाठवायला सांगतंय! ‘गिट ब्रँच -एम मेन’ या एका ओळीने प्रश्न सुटतो, पण ती ओळ त्या गाइडमध्ये नसते.

खरं तर सुरुवातीलाच ‘गिट इनिट -बी मेन’ लिहिलं असतं, तर सेटिंग काहीही असो, २.२८ आणि पुढच्या आवृत्त्यांत नाव ‘मेन’च मिळालं असतं.

आणखी काही गैरसमज

*सेटिंग बदललं की जुन्या रिपॉझिटरीही बदलतात.* नाही. ते फक्त नव्या रिपॉझिटरीला लागू होतं. जुन्या फोल्डरमध्ये पुन्हा ‘गिट इनिट’ केलं तरी नाव तेच राहतं.

*क्लोन करताना माझं सेटिंग चालतं.* कमिट असलेली रिपॉझिटरी क्लोन केली की सर्व्हरवरचं ‘हेड’ जिकडे दाखवतं, तीच ब्रँच उघडते.

*नाव बदललं की इतिहास जातो.* ब्रँच म्हणजे एका कमिटकडे दाखवणारा निर्देश. त्याचं नाव बदलल्याने एकही कमिट बदलत नाही.

*गिटहबवर नाव बदललं की सगळीकडे आपोआप बदलतं.* वेबवरचे दुवे नव्या नावाकडे वळतात, उघड्या पुल रिक्वेस्टही वळतात. पण ‘रॉ’ फाइलचे दुवे वळत नाहीत आणि सहकाऱ्यांच्या मशीनवरच्या प्रती जुन्याच नावावर राहतात. हे गिटहबच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे.

डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांना एकच विनंती : शब्द बदलून थांबू नका. कोणतंही सेटिंग नसलेल्या कोऱ्या मशीनवर तुमच्या गाइडमधली प्रत्येक कमांड क्रमाने चालवून पाहा, आणि मगच ते लोकांच्या हाती द्या.