मृगाच्या बाणाअलीकडचा वायू

दिवाळीच्या दिवसांत रात्री दहा-साडेदहाला पूर्वेकडे मृग नक्षत्र वर येतं. व्याधाने मारलेला बाण म्हणून आपण मुलांना तीन चांदण्या दाखवतो. त्यांतली सगळ्यात आधी उगवते ती मिंटाका. नुसत्या डोळ्यांना एक दिसली, तरी तिथे तारे एकमेकांभोवती फिरतात, म्हणून तिच्या वर्णपटातल्या रेषा पावणेसहा दिवसांच्या फेऱ्यात पुढेमागे सरकतात. १९०४ साली जर्मनीत पॉट्सडॅमला योहानेस हार्टमान हे सरकणं मोजत होते. कॅल्शियमची एक रेषा मात्र जागची हलेना. ती ताऱ्याची नव्हतीच. तारा आणि आपण यांच्या मधल्या वायूची होती.

हा वायू किती विरळ? आपल्या हवेच्या एका घन सेंटिमीटरात २७ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. ताऱ्यांमधल्या जागेत सरासरी एखादाच अणू. अशा ठिकाणी शाळेतला आदर्श वायूचा नियम लावायचा, हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण नियमाच्या अटी काय आहेत? कणांचा स्वतःचा आकार नगण्य हवा आणि त्यांची आपसांत ओढ नको. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरात या दोन्ही अटी मोडतात. अवकाशात त्या जितक्या चोख पाळल्या जातात, तितक्या पृथ्वीवर कुठेच नाहीत.

अडचण टकरींची आहे. कण एकमेकांवर आदळत राहिले तरच ‘तापमान’ या शब्दाला अर्थ येतो. थंड ढगात घन सेंटिमीटरमागे ३०-४० अणू असतात. तिथेही दोन टकरींच्या मधे अणू साधारण पृथ्वी-सूर्याइतकं अंतर तोडतो, आणि त्यात काही वर्षं जातात. पण ढग कित्येक प्रकाशवर्षं पसरलेला आणि लाखो वर्षं टिकणारा! त्याच्या मापाने पाहिलं तर टकरी भरपूर होतात. डबाभर जागेचा हिशोब इथे उपयोगाचा नाही, ढगाएवढी जागा घ्यावी लागते.

आदर्श वायूच्या नियमाने घन सेंटिमीटरमधले कण गुणिले केल्व्हिनमधलं तापमान, हाच खगोलशास्त्रज्ञांचा दाबाचा हिशोब. थंड ढगात ३०-४० अणू आणि शंभरेक केल्व्हिन. ढगांबाहेरच्या उबदार वायूत जेमतेम अर्धा अणू, पण सात-आठ हजार केल्व्हिन. दोन्हीकडे गुणाकार तीन-चार हजारांच्या घरात. समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला एकावर अठरा शून्यांनी भागलं तरी यापेक्षा जास्तच उरेल.

या क्षुल्लक दाबावरून खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी जे ताडलं, त्याचं मला आजही नवल वाटतं. आकाशगंगेच्या प्रतलापासून खूप उंचावरही वायूचे ढग आहेत, असं गुइदो म्युंक यांच्या निरीक्षणांतून दिसत होतं. भोवती पोकळी असती तर हे ढग केव्हाच फुगून विरून गेले असते. म्हणजे बाहेरचा कुठलातरी वायू तितक्याच दाबाने त्यांना आवळून धरतोय. पण तो वायू दिसत तर नाही, मग तो अतिविरळ असणार. आणि विरळ असून दाब राखायचा तर तापमान प्रचंड हवं. १९५६ साली प्रिन्स्टनच्या स्पिट्झर यांनी आकडा मांडला: सुमारे दहा लाख केल्व्हिन, आणि घन सेंटिमीटरमागे इलेक्ट्रॉन ०.०००५. दोन माहीत गोष्टींवरून तिसरी काढायची, एवढंच हे गणित.

अशा तापलेल्या वायूच्या रेषा अतिनील प्रकाशात उमटतात. पुरावा हवा तर तो प्रकाश पाहायला हवा, आणि तो आपलं वातावरण अडवतं. २१ ऑगस्ट १९७२ रोजी ‘कोपर्निकस’ उपग्रह उडाला. त्यावरची दुर्बीण स्पिट्झर यांच्याच प्रिन्स्टनच्या गटाची होती. ताऱ्यांच्या प्रकाशात पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या रेषा सापडल्या. ऑक्सिजनची अशी अवस्था व्हायला तीन लाख केल्व्हिनच्या आसपास तापमान लागतं. तापलेला वायू खरोखरच होता.

तरी सगळा भार आदर्श वायूच्या नियमावर टाकता येत नाही. चुंबकीय क्षेत्र, वायूची खळबळ, विश्वकिरण हेही दाब देतात, आणि त्यांची बेरीज वायूच्या स्वतःच्या दाबाहून मोठी भरते. शिवाय थंड आणि उबदार यांच्या मधलं तापमान अस्थिर मानलं जातं. तिथला वायू फार काळ टिकू नये, इकडे किंवा तिकडे सरकावा. पण हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरी टिपणाऱ्या निरीक्षणांत, ज्यांत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही होती, नेमका त्या मधल्या पट्ट्यातला वायू भरपूर आढळला. गुणाकार त्याचा दाब सांगतो. तो तिथे का रेंगाळलाय, ते सांगत नाही.