घाव, मुका मार आणि व्रण

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणातून बाहेर पडताना महादजी शिंद्यांच्या पायावर पाठलागावरील अफगाण स्वाराचा घाव बसला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचविले, आणि महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले. महादजी त्यानंतर ३३ वर्षे जगले. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. पण पाय अधू राहिला तो राहिलाच. जखम भरली आणि माणूस लंगडा राहिला, ह्या दोन विधानांत विसंगती नाही. त्वचा, स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध ह्या मृदू ऊतकांची दुरुस्ती शरीर ज्या रीतीने करते, तीत दोन्हींचे कारण आहे.

कातडी फुटली की घाव. न फुटता आत रक्त साकळले की मुका मार. बाहेर काही बोलके दिसत नाही म्हणून मुका, असा अर्थ लावावासा वाटतो. मुक्या मारालाही मात्र रंग चढतो. ‘हिरवानिळा’ हे विशेषण निरीक्षणाने अचूक आहे : साकळलेले रक्त प्रथम काळेनिळे दिसते, आणि त्यातील रंगद्रव्य विघटित होताना आधी हिरवे, मग पिवळे पित्तद्रव्य बनते.

इजा होताच रक्तवाहिन्या आकसतात, बिंबाणू गोळा होऊन गुठळी धरते. काही तासांत पांढऱ्या पेशी येतात. सूज, उष्णता व ठणका ही त्यांच्या कामाची चिन्हे होत. ठेचलेले अवशेष त्या गिळून टाकतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कोलॅजेनचे तंतू विणणाऱ्या पेशी कामाला लागतात व नव्या केशवाहिन्या फुटतात. हे विणकाम आठवडेच्या आठवडे चालते, आणि तंतूंची फेरमांडणी तर वर्षभर, कधी त्याहूनही अधिक. त्यासाठी प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. पानिपतच्या छावणीतील उपासमार ह्या संदर्भात आठवावी. कंडरा व अस्थिबंधांना रक्तपुरवठा तोकडा, म्हणून ते सावकाश सांधतात. स्नायूंत पुनर्निर्मितीची काही शक्ती असते, परंतु घाव खोल असला तर रिकामी जागा तंतुमय ऊतकच भरते. ते आकुंचन पावत नाही, ताणही कमी सोसते. भरलेल्या त्वचेचे बळसुद्धा मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. सांध्याभोवती असे ऊतक आकसले की पाय पुरता सरळ होत नाही.

ह्या उरलेल्या खुणेला मराठी ‘व्रण’ म्हणते. संस्कृतात व्रण म्हणजे जखमच. सुश्रुतसंहितेत भरल्यानंतरच्या खुणेसाठी ‘व्रणवस्तु’ असा वेगळा शब्द आहे, आणि देह असेतो ती टिकते असे तेथे सांगितले आहे. मराठीने जखमेचे नाव खुणेला दिले, आणि उघड्या जखमेसाठी फारसीतून आलेला ‘जखम’ हा शब्द रूढ झाला. अनुवादकाची खरी अडचण येथे सुरू होते. सुश्रुताने ९०० स्नायू आणि ५०० पेशी मोजल्या आहेत. त्याचे ‘स्नायू’ म्हणजे बांधून धरणारे तंतुमय बंध, आणि ‘पेशी’ म्हणजे आपण आज ज्यांना स्नायू म्हणतो ते. आजच्या मराठीत पेशी तर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. हे तिन्ही शब्द तसेच ठेवून केलेला मराठी अनुवाद अक्षरशः बिनचूक, आणि तरी वाक्यागणिक चुकीचा होईल.