औषधाची भीति आणि रोगाची भीति

घरांत दीर्घकाळ चालणारें आजारपण आलें कीं औषधाच्या डबीबरोबर बारीक अक्षरांत छापलेला एक कागदहि घरांत येतो. रोगी बहुधा तो वाचीत नाहीं. वाचतात तीं घरांतील बाकीचीं माणसें. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत असेंच झालें. बावीस वर्षांच्या मुलास क्रोनचा रोग असल्याचें निदान झालें आणि अझाथायोप्रीन नांवाच्या गोळ्या सुरू झाल्या. पोटांतील कळ थांबली, अंगावर मांस दिसूं लागलें. एके दिवशीं रात्रीच्या जेवणानंतर त्याच्या काकांनीं तो कागद सर्वांस वाचून दाखविला. त्यांत ‘कर्करोग’ हा शब्द आला, आणि त्या एका शब्दावर निकाल लागला. मुलगा तर आतां बरा दिसतो; मग असलें विष पोटांत कशाला घालावयाचें? गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांस कोणी विचारलें नाहीं व कळविलेंहि नाहीं. आठ-नऊ महिन्यांनीं आंतड्याचा मार्ग बंद होऊन मुलास मध्यरात्रीं इस्पितळांत न्यावें लागलें, आणि आंतड्याचा एक भाग कापून काढावा लागला.

त्या काकांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्या बोलण्यामागें माया होती आणि त्यांनीं वाचलेला शब्द खोटा नव्हता. परंतु त्यांच्या हातीं तराजूचें एकच पारडें होतें. औषध घेतल्यानें काय होऊं शकतें हें त्या कागदावर छापलेलें असतें. न घेतल्यानें काय होतें हें त्यावर कोठेंच छापलेलें नसतें. हें दुसरें पारडें आमच्या वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या रोगास ज्यांचें नांव पडलें ते डॉ. बरिल क्रोन हे न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळांतील वैद्य. त्यांनीं लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर ह्या सहकाऱ्यांसह १९३२ सालीं ह्या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. शरीराची प्रतिकारशक्ति स्वतःच्याच आंतड्यावर उलटते व तेथें दाह सुरू होतो. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाचा कोणताहि भाग त्यास बळी पडूं शकतो. तथापि लहान आंतड्याचा शेवटचा भाग हें त्याचें आवडतें ठिकाण. हा दाह आंतड्याच्या वरच्या अस्तरापुरता राहत नाहीं, भिंतीच्या सर्व थरांतून आरपार जातो. त्यामुळें कालांतरानें आंतडें आक्रसून अरुंद होतें, किंवा त्यांतून शेजारच्या आंतड्यांत, मूत्राशयांत अथवा गुदद्वाराजवळ वाट फोडणारे नाडीव्रण होतात. रोग पुष्कळदां ऐन तारुण्यांत येतो आणि त्यास मुळांतून उपटून टाकणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. सर्वांत फसवी गोष्ट ही कीं, पोट दुखत नसतांनाहि आंत दाह धुमसत असूं शकतो. म्हणून ‘बरा दिसतो’ आणि ‘बरा आहे’ ह्यांतील अंतर रक्ताच्या व मलाच्या तपासणीनें आणि प्रसंगीं दुर्बिणीनें पाहूनच ठरवावें लागतें.

आतां औषधांकडे वळूं. घरांतील माणसांस ज्यांचें भय सर्वांत कमी वाटतें तीं स्टेरॉइडें. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या स्वस्त असतात, थोड्याच दिवसांत गुण दाखवितात, रोगी जेवूं लागतो; त्यामुळें पुष्कळ घरांत त्या पुन्हां पुन्हां आणून दिल्या जातात. वस्तुतः दीर्घकाळ घेतल्यास सर्वांत जड किंमत हींच औषधें वसूल करतात. चेहरा सुजतो, झोंप उडते, रक्तांतील साखर व रक्तदाब वाढतो, हाडें ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदु होतो, जंतुसंसर्ग बळावतो. इतकें सोसूनहि रोग कायमचा आंवरून धरण्याचें सामर्थ्य त्यांच्यांत नाहीं. पेटलेली आग विझविण्यापुरतीं तीं उत्तम. मात्र सुरू करतांनाच तीं केव्हां व कशीं संपवावयाचीं हें ठरलेलें असावें. कांहीं आठवडे घेतल्यानंतर तीं एकाएकीं सोडणेंहि धोक्याचें आहे, कारण शरीर स्वतःचें तसलें द्रव्य बनविणें मंदावतें. म्हणून मात्रा हळूहळू उतरवीतच आणावी लागते.

अझाथायोप्रीनची गोष्ट निराळी. हें औषध दोन-तीन महिन्यांनीं गुण देऊं लागतें व वर्षानुवर्षें चालतें. त्यानें रक्तांतील पांढऱ्या पेशी घटूं शकतात, यकृतास त्रास होऊं शकतो, क्वचित् स्वादुपिंडास सूज येते. ह्यासाठीं आरंभीं वरचेवर व पुढें ठराविक काळानें रक्त तपासणें हा ह्या औषधाचाच एक भाग समजावा. एनयूडीटी-१५ नांवाच्या जनुकांतील बदलामुळें कांहीं माणसांच्या पांढऱ्या पेशी अल्प मात्रेनेंहि झपाट्यानें खालावतात, हें २०१४ सालीं कोरियांतील रोग्यांच्या अभ्यासांतून कळून आलें. हा बदल युरोपियनांपेक्षां आपल्याकडील लोकांत अधिक आढळतो. ह्याची तपासणी आतां आपल्या देशांतहि होते व ती औषधापूर्वीं करून घेतां येते. आणखी एक सावधगिरी: संधिवातावर दुसऱ्या डॉक्टरांनीं दिलेली अॅलोप्युरिनॉलची गोळी ह्या औषधाबरोबर नेहमींच्या मात्रेंत पडली तर रक्तावर घातक परिणाम होऊं शकतो. ही गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

तिसरा वर्ग जैविक औषधांचा. इन्फ्लिक्सिमॅब हें १९९८ सालीं अमेरिकेंत ह्या रोगासाठीं मान्य झालें. मागाहून अडालिमुमॅब आलें. दाह चेतविणाऱ्या टी.एन.एफ. नामक द्रव्यास तीं अडवितात. वेडोलिझुमॅबचें कार्य बहुतांशीं आंतड्यापुरतें असल्यानें शरीरांत अन्यत्र त्याचा उपद्रव कमी, पण गुण सावकाश येतो.

ह्या औषधांचा सर्वांत भयंकर मानला गेलेला परिणाम म्हणजे लसिका-ग्रंथींचा कर्करोग. येथें शब्दापेक्षां आंकडा पाहावा. फ्रान्समध्यें आंतड्याच्या दाहक रोगांच्या १ लाख ८९ हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. दोन्हीं प्रकारचीं औषधें न घेणाऱ्या दहा हजार रोग्यांमागें वर्षाकांठीं सुमारें २.६ जणांस हा कर्करोग झाला. केवळ अझाथायोप्रीनच्या वर्गांतील औषध घेणाऱ्यांत ५.४, केवळ टी.एन.एफ.-विरोधी औषध घेणाऱ्यांत ४.१ आणि दोन्हीं एकत्र घेणाऱ्यांत ९.५. ‘धोका दुप्पट झाला’ हें म्हणणें खरें आहे. आणि दहा हजारांतील नऊ हजार नऊशें नव्वदांहून अधिक माणसांस त्या वर्षीं तो झाला नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. दोन्हीं वाक्यें एकाच आंकड्याचीं आहेत. कागद वाचणाराच्या कानीं मात्र पहिलेंच पडतें. तरुण पुरुषांत दोन्हीं औषधें दीर्घकाळ एकत्र चालल्यास एक अति विरळ पण बहुधा प्राणघातक प्रकारहि आढळला आहे; म्हणून त्यांच्या बाबतींत जोडी किती काळ ठेवावी हा प्रश्न डॉक्टरांस विचारण्याजोगा खास आहे.

आतां दुसरें पारडें. इंग्लंड व आसपासच्या प्रदेशांत नुकतेंच निदान झालेल्या ३८६ रोग्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. निम्म्यांस आरंभापासूनच इन्फ्लिक्सिमॅब व जोडीचें औषध दिलें. उरलेल्यांस पायरी-पायरीनें, रोग बळावेल तसतसें, औषध वाढविलें. ४८ आठवड्यांनंतर पहिल्या गटांतील शेंकडा ७९ रोगी पुन्हां स्टेरॉइड किंवा शस्त्रक्रिया न लागतां रोगाच्या उपशमांत होते. दुसऱ्या गटांतील शेंकडा १५. पोटाची शस्त्रक्रिया पहिल्यांत एकास, दुसऱ्यांत दहांस करावी लागली. आणि गंभीर दुष्परिणाम जोराचें औषध घेणाऱ्यांतच कमी घडले: १५ विरुद्ध ४२. सौम्य औषध म्हणजे सुरक्षित औषध, ही आपली समजूत येथें टिकत नाहीं. आंवरला न गेलेला रोग हाच पुष्कळदां सर्वांत मोठा दुष्परिणाम असतो.

परंतु परदेशांतील हिशेब जसाच्या तसा आपल्या घरीं लावतां येत नाहीं. आपल्या देशांत क्षयरोग घरोघरीं परिचयाचा आहे, आणि अनेकांच्या शरीरांत त्याचे जंतु निद्रिस्त असतात. टी.एन.एफ. हें द्रव्यच त्यांस कोंडून ठेवीत असतें; तें अडविलें कीं कोंडलेला क्षय सुटूं शकतो. इन्फ्लिक्सिमॅबनंतर उद्भवलेल्या क्षयाच्या ७० रोग्यांची हकीकत २००१ सालीं प्रसिद्ध झाली, त्यांतील ४८ जणांस तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच तो झाला होता, आणि ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा होता. म्हणून औषधापूर्वीं छातीचा क्ष-किरण व क्षयाची चाचणी अनिवार्य समजावी. घरांत पूर्वीं कोणास क्षय झाला असल्यास तो लपवूं नये. चाचणी निर्दोष आली तरी पुढें ताप, खोकला वा वजनांतील घट दिसतांच डॉक्टरांस कळवावें.

ह्याहून अवघड प्रश्न निदानाचाच. आंतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग हे दोन्हीं आंतड्याच्या एकाच भागीं घर करतात व दुर्बिणीखालीं बरेचसे सारखे दिसतात. क्षय असतां स्टेरॉइड दिलें तर क्षय पसरतो. क्रोनचा रोग असतां महिनेच्या महिने क्षयाचीं औषधें चालविलीं तर तेवढ्या अवधींत आंतडें अरुंद होत जातें. शंका राहिल्यास डॉक्टर कधीं कधीं प्रथम क्षयाचें औषध देतात. अशा वेळीं दोनएक महिन्यांनीं पुन्हां दुर्बिणीनें व्रण भरले कीं नाहीं हें पाहिलें जात आहे ना, एवढें घरच्यांनीं विचारावें.

घरांतील मुलीसुनांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. दिवस राहिले कीं सर्व औषधें बंद, ही रीत येथें उलटते. रोग भडकलेला असतां राहिलेला गर्भच अधिक संकटांत असतो. अझाथायोप्रीन व टी.एन.एफ.-विरोधी औषधें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं सामान्यतः चालूं ठेवतां येतात. मेथोट्रेक्सेट मात्र गर्भास घातक असून तें काहीं महिने आधींच सोडावें लागतें. आईनें गर्भारपणाच्या उत्तरार्धांत टी.एन.एफ.-विरोधी औषध घेतलें असेल तर तें बाळाच्या रक्तांत कित्येक महिने राहतें. आपल्याकडे जन्मतःच टोंचली जाणारी बी.सी.जी. ही जिवंत जंतूंची लस आहे. अशा बाळास ती लांबणीवर टाकावयाची असते, आणि हें सूतिकागृहांतील डॉक्टरांस आधींच सांगून ठेवलें पाहिजे. रोग लपवून लग्न जमविलेल्या घरांत हें सांगणार कोण? एवढ्यासाठीं तरी ही गोष्ट उघडपणें बोलली जावी.

तेव्हां कागद वाचूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तो अवश्य वाचावा, पण वाचून डबी फेंकूं नये. प्रश्न लिहून काढून डॉक्टरांकडे जावें. हा धोका शेंकड्यांत किती, हजारांत किती? औषध न घेतल्यास पुढील पांच वर्षांत काय संभवतें? कोणती तपासणी केव्हां? कोणतें लक्षण दिसतांच त्याच दिवशीं यावें? कोणत्या लसी आधीं घ्याव्या? काढा, भस्म, शेजारणीनें दिलेली पुडी, जें कांहीं चालू असेल तेंहि मोकळेपणानें सांगावें. रोगी विडी-सिगारेट ओढीत असेल तर ती सोडणें हें ह्या रोगांत औषधाच्या तोडीचें काम करतें आणि त्याचा दुष्परिणाम कांहीं नाहीं.

आणि शेवटीं, एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस एक नम्र विनंती. ज्याचें पोट दुखतें त्यासहि त्या बैठकींत बसवावें व त्याचें मत शेवटीं नव्हे, आधीं विचारावें. वर सांगितलेला मुलगा आज पुन्हां औषधावर आहे व नोकरीस लागला आहे. रक्ततपासणीची तारीख त्याचे काकाच दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात, आणि त्या दिवशीं सकाळीं तेच त्याच्याबरोबर जातात.