परवानगी की परवानिगे?

घर बांधायचे ठरले की आपल्याकडे पहिला फेरा नगरसेवकाच्या दारी. माझ्या मते तो पत्ताच चुकीचा. १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्यात नगररचना स्थायी समिती आहे खरी. पण बांधकाम परवान्याचा अधिकार आयुक्तांचा, लेआउट मंजूर करते ‘बुडा’. बेळगावात २०१९ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली २०२१ मध्ये आणि महापौर मिळाल्या २०२३ मध्ये. परवाने काही तेवढा काळ अडून राहिले नाहीत. नगरसेवकाला धरायचे ते सभागृहात जाब विचारण्यासाठी.

स्वस्त गुंठ्यात आयुष्याची पुंजी घालण्याआधी बुडाची मंजुरी पाहा. कागद कानडीत म्हणून बिचकू नका. अर्जाला अर्जी, नकाशाला नकाशे, परवानगीला परवानिगे! आमच्याकडे उरलेले धारवाडची सूनबाई वाचून सांगते.